पॉपीचा कोट, मिरजेची किल्ली

रात्री तीनच्या ब्रेकला आमच्या स्टाफ रूममध्ये कुणी चहाचा कप टेबलावर ठेवला की दुसरं कुणीतरी हमखास म्हणतं, "जपून, टेबलातून खाली जाईल!" कप कुठेही जात नाही. तरी सगळे हसतात. २०२५ च्या मे महिन्यात सुरू झालेला हा विनोद अजून शिळा झालेला नाही, आणि त्यामागचं भांडणही.

भांडण ‘डॉक्टर हू’चं. ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: निळ्या पोलिस-पेटीत बसून काळात आणि अवकाशात भटकणारा एक परग्रहवासी, ‘डॉक्टर’, आणि त्याच्यासोबत फिरणारं तुमच्याआमच्यासारखं एखादं माणूस. पहिला भाग बीबीसीवर लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला. तो दिग्दर्शित केला होता लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी. १९८९ मध्ये मालिका बंद पडली आणि २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली ती इथे, वेल्समध्ये. मी कार्डिफमध्ये नर्स आहे. इथल्या लोकांना ही मालिका गावच्या उरुसासारखी वाटते. कुठल्या गल्लीत कुठला राक्षस धावला होता, हे टॅक्सीवालासुद्धा गाडी हळू करून दाखवतो.

२०२५ च्या हंगामातली डॉक्टरची जोडीदार होती बेलिंडा चंद्रा. लंडनमधली, भारतीय वंशाची, आणि नर्स! भूमिका केली वरदा सेतू हिने. ती जन्माने केरळची. आमच्या वॉर्डातल्या मल्याळी सिस्टरला मी मोठ्या कौतुकाने हे सांगायला गेले, तर ती औषधांची ट्रॉली ढकलत म्हणाली, "मल्याळी बाई इंग्लंडात नर्स झाली, यात सायन्स फिक्शन काय आहे?"

पण बेलिंडा आम्हा सगळ्याजणींना आवडली. पहिल्याच भागात डॉक्टर तिला न विचारता तिचा डीएनए तपासतो आणि ती त्याला तिथल्या तिथे झापते. मी काही तुझं साहस नाही, मला माझ्या घरी सोड, अशी तिची भाषा. बाकी सगळे त्या निळ्या पेटीत बसायला जीव टाकतात. हिला २४ मे २०२५ या तारखेला आपल्या घरी परतायचंय, एवढंच. डबल शिफ्ट केलेल्या कुठल्याही बाईला हे पटेल.

शेवटचे दोन भाग २४ आणि ३१ मे रोजी लागले. पहिल्यात एका संकुचित डोक्याच्या माणसाने आपल्या इच्छेप्रमाणे जगच नव्याने रचलंय. सगळं गुळगुळीत, पुरुष कामावर, बायका घरी. अपंगांचा त्याने विचारच केला नाही, म्हणून ती माणसं शहराबाहेर तंबूत राहतात. हा तपशील मला फार आवडला. खलनायक त्यांचा छळ करत नाही, त्याला त्यांची आठवणच होत नाही. या जगावर कुणी शंका घेतली की टेबलावरचा कप टेबलातून आरपार जाऊन फुटतो. या जगात डॉक्टर आणि बेलिंडा नवराबायको आहेत आणि त्यांना पॉपी नावाची छोटी मुलगी आहे.

दुसऱ्या भागात ते जग मोडतं. मोठी लढाई होते, आणि त्या लढाईत बेलिंडा काय करते? पॉपी नाहीशी होऊ नये म्हणून तिला घेऊन एका पेटीसारख्या खोलीत बसून राहते. सगळं संपल्यावर डॉक्टर आणि बेलिंडा पॉपीचा कोट घडी घालत एकमेकांच्या हातात देतात. दर घडीला कोट लहान होत जातो आणि शेवटी हातात काहीच उरत नाही. कोट कुणाचा होता, हेही दोघांना आठवत नाही. आठवतं ते फक्त रूबीला, डॉक्टरच्या आधीच्या जोडीदाराला. सगळे तिला वेड्यात काढतात, पण ती हटत नाही. मग डॉक्टर आपलं आयुष्य पणाला लावून वास्तव किंचित सरकवतो आणि पॉपी परत येते, आता ती बेलिंडाची पोटची, साधी मानवी मुलगी. आणि आपल्याला मागच्या भागांतली दृश्यं पुन्हा दाखवतात, नव्याने भर घालून. म्हणजे बेलिंडाला घरी जायची घाई होती ती म्हणे पहिल्यापासून पॉपीसाठीच.

इथे ठिणगी पडली. आमच्या वॉर्डातला तरुण हेल्थकेअर असिस्टंट तावातावाने बोलत होता की स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या बाईला शेवटी आईच करायचं होतं तर तिला आधी एवढं बोलू कशाला दिलं? पन्नाशीतली वेल्श सिस्टर लहानपणापासूनची भक्त. तिचं म्हणणं, एका बापाने लेकरासाठी जीव दिला, यात तुम्हाला बाईचा अपमान कुठे दिसला? एकजण नुसताच टीव्ही लायसन्सचे, म्हणजे बीबीसीसाठी भरलेले, त्या वर्षीचे १७४ पौंड ५० पेन्स परत मागत होता. इथे वादात लायसन्सचा आकडा येतोच. मालिका आमच्या पैशांवर चालते, तेव्हा ती आमची आहे, असा हक्काचा सूर.

राणीची गोष्ट तर वेगळीच. ‘द राणी’ ही डॉक्टरची जुनी शत्रू १९८५ पासून मालिकेत आहे आणि तेव्हा ती केट ओमारा हिने केली होती. नाव आपलं, बाई गोरी. चाळीस वर्षांनी ही भूमिका आर्ची पंजाबीकडे आली, नावाला शोभेल अशी. दोन आठवड्यांत ओमेगा नावाच्या अवाढव्य सांगाड्याने तिला खाऊन टाकलं. याबद्दल मात्र स्टाफ रूममध्ये सगळ्यांचं एकमत होतं.

ही सगळी धुसफूस मी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकली. मिरजेत त्या आठवड्यात भावाला बोलायला सवड नव्हती, कारण ३ जूनला आयपीएलची फायनल होती आणि बेंगळुरूचा संघ अठरा वर्षांत पहिल्यांदा जिंकायच्या बेतात होता. मिरजेपासून कर्नाटक किती लांब? निम्मी गल्ली कोहलीची. तरी त्याने एक ओळ लिहिलीच: "तुमच्याकडं दुःखं कमी पडल्यात काय?" आईने फोनवर सगळी कथा शांतपणे ऐकली आणि विचारलं, "म्हणजे शेवटी लेकरू मिळालं की तिला? मग रडायलेत कशाला?"

वहिनीचं उत्तर सगळ्यात अस्सल. ती म्हणाली, "यात नवीन काय आहे? त्यांनी लीप घेतला."

मराठी मालिका बघणाऱ्याला हा शब्द समजावून सांगायला नको. कथा अडकली, टीआरपी घसरला, की सहा वर्षांचा लीप. काल डोहाळजेवण झालेल्या नायिकेचं पोर आज शाळेत जातं. कुणाची स्मृती गेलेली असते, कुणी मेलेला जिवंत असतो. नट सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो आणि सासू त्याच प्रेमाने त्याला पोहे देते. वहिनीला मी सांगितलं की डॉक्टरचा चेहरा बदलतो तोही असाच जुगाड आहे. १९६६ मध्ये पहिला नट विल्यम हार्टनेल तब्येतीमुळे थकला, तेव्हा ‘डॉक्टर मरताना नवं शरीर घेतो’ अशी कल्पना काढून पॅट्रिक ट्रॉटनला आणलं आणि त्या जुगाडावर मालिका साठ वर्षं चालली. या वेळीही शेवटी शूटी गाटवाचा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी दिसली बिली पायपर, जी २००५ मध्ये डॉक्टरची जोडीदार होती. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण ‘डॉक्टर’ म्हणून नाही. त्यावर वेगळं महाभारत. वहिनी म्हणाली, "बघ. तुमच्यातही तेच."

तेच आहे का? मला वाटतं, नाही. आणि दोन्हीकडचे लोक चुकीच्या जागी भांडतायत.

आई होणं हा बेलिंडाचा अपमान नाही. इतकं म्हणायला मला वेल्श सिस्टरची किंवा माझ्या आईची गरज नाही. आणि पॉपीला परत आणायलाच नको होतं, हे म्हणणाऱ्यांशी तर मी बोलणारही नाही. मल्याळी सिस्टर म्हणाली तसं, नाहीतर ते पोर गेलंच असतं. माझी तक्रार त्या भर घातलेल्या दृश्यांबद्दल आहे. पहिल्या भागात न विचारता डीएनए तपासला म्हणून जिने डॉक्टरला झापलं, तिचं अख्खं मागचं आयुष्य शेवटच्या भागात न विचारता बदललं, आणि ती हसतमुख. आपल्या पोरीला कडेवर घेऊन ती त्याचे आभार मानते. ज्या बाईला नुसतं घरी जायचं होतं, कुणासाठी नाही, आपल्यासाठी, ती बाई आता कधी नव्हतीच. कोटासारखी घडी घालून तिलाही नाहीसं केलं, आणि तिच्यासाठी हट्ट धरणारी रूबी कुणी निघाली नाही.

सांगलीला सीबीएसईच्या शाळेत शिकणारी भाची माझ्यामुळे या मालिकेच्या नादी लागली आहे. तिने वेगळाच मुद्दा काढला. २० मे २०२५ ला पुण्यात जयंत नारळीकर गेले, त्यामुळे शेवटचे भाग लागले त्या दिवसांत घरचा ग्रुप त्यांच्याच आठवणींनी भरला होता. भावाने शाळेत वाचलेली त्यांची पुस्तकं, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, वगैरे. भाचीला मात्र ते अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकातून माहीत. त्यात त्यांची एक कथा आहे: इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली. परत आल्यावर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण खिशात त्या जगातल्या बखरीचं फाटकं पान असतं. त्यावर लिहिलेलं, की गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून गेली. भाचीने लिहिलं, "आत्या, गायतोंडेसरांना निदान पान मिळालं. बेलिंडाच्या खिशात काय आहे?"

मला हे बोचलं, कारण माझ्या आयुष्याचीही घरी अशीच भर घातलेली आवृत्ती चालते. ‘हिला लहानपणापासून परदेशाचीच हौस.’ पाहुण्यांना सांगताना भाऊ हे इतक्या खात्रीने सांगतो की माझंच मला खरं वाटू लागतं. खरं तर मला सांगलीत सरकारी नोकरी हवी होती. दोन वेळा यादीत नाव आलं नाही. ज्या खासगी रुग्णालयात होते तिथे तीन महिने पगार थकला, तेव्हा मैत्रिणीने आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेचा, फॉर्म हातात ठेवला. हौस नव्हती, हप्ते होते. पण माझ्या पैशांवर घराचा वरचा मजला चढला, आणि मजला चढल्यावर त्याच्या मापाचा भूतकाळही रचला गेला.

मीही कमी नाही. इथल्या लोकांना सांगताना माझ्या मिरजेत दंगा, कोरडे नळ, थकलेला पगार यातलं काहीच नसतं. तिथे फक्त सतारीची दुकानं आणि सकाळी येणारा अब्दुल करीम खाँसाहेबांचा सूर असतो. माझ्या जगातही काही माणसं तंबूत राहत असणार.

कार्डिफ बेच्या धक्क्यावर एक भिंत आहे. नवीन असताना एकदा तिकडे गेले तर तिथे फुलं, पत्रं, फोटो चिकटवलेले. कुणीतरी इथे बुडालं असावं, असं समजून मी हात जोडले. जवळ जाऊन वाचलं तर ते ‘टॉर्चवुड’ या ‘डॉक्टर हू’च्या जोडमालिकेतल्या यान्टो जोन्स या पात्रासाठी होतं. २००९ मध्ये त्याला कथेत मारलं, आणि लोक अजून फुलं आणतात. तेव्हा मी हे घरी हसून सांगितलं होतं. आता जाते तेव्हा हसू येत नाही. हे घडलं होतं, ते आम्हाला आठवतंय, तुम्ही नंतर काहीही दाखवा, असं ती भिंत म्हणते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बीबीसीने जाहीर केलं की मालिकेतली डिस्नेची भागीदारी संपली आणि २०२६ च्या ख्रिसमसला मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी डेव्हिस यांनी लिहिलेला विशेष भाग येईल. तोवर वॉर्डातले वाद चालू राहतील.

भाचीने बेलिंडाच्या खिशाचं विचारलं, त्या रात्री मी तिला उत्तर म्हणून विमानतळाची गोष्ट लिहिली. २०१७ मध्ये निघताना मुंबईच्या विमानतळावर दारातून आत गेले आणि पर्समध्ये मिरजेच्या घराची किल्ली सापडली. परत दाराशी आले. जवान बाहेर सोडेना, म्हणून त्याच्याच हातून किल्ली भावाकडे पाठवली, आणि काचेपलीकडे आई दिसेना म्हणून तिथेच उभी राहून रडले. घरच्या आवृत्तीत यातलं काही नाही. भाऊ सांगतो, "गेली ती गेली, मागं वळून बघितलंसुद्धा नाही." किल्लीचं विचारलं तर म्हणतो, कसली किल्ली?

पाच मिनिटांत भाचीचं उत्तर आलं. "तू परत आली होतीस की. मी बाबाच्या खांद्यावर होते. पोलिसकाकांनी किल्ली दिली ती बाबाच्या हातातून पडली. तिला लाल दोरा होता."

दोरा हिरवा होता. मी काही बोलले नाही.