विदर्भात राहून पोरीला एक सुती शर्ट मिळून नाही राहिला

आज सकाळी पावणेसातला ऑटोवाले काका खाली हॉर्न वाजवून राहिले होते अन् माझी पोट्टी, वय वर्षे पाच, केजी टू, एक हात शर्टात अन् एक हात बाहेर अशी पलंगावर बसून रडत होती. "आई, शर्ट चावते." टोचते नाही म्हणत ती, चावते म्हणते. मी म्हटलं बेटा आजचा दिवस घाल, उद्या पाहू. हे "उद्या पाहू" मी एप्रिलपासून म्हणून राहिली अन् आता ऑक्टोबर लागला. आज लिहूनच टाकते, नाहीतर कोणावर तरी ओरडणार अन् ते बहुतेक नवराच असणार, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही.

तर यांच्या शाळेचा युनिफॉर्म. पांढरा शर्ट, चेक्सचा पिनाफोर (शर्टावरून घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक), गळ्यात इलॅस्टिकवाली टाय (केजीच्या पोरांना टाय कशाला लागते बापा, बँकेत चालले का ते), गुडघ्यापर्यंत नायलॉनचे मोजे अन् काळे बूट. बुधवार-शनिवार पीटीचा टी-शर्ट अन् ट्रॅकपँट. सगळं एकाच दुकानातून, शाळेनेच चिठ्ठी देऊन पाठवलेल्या. सीबीएसईने २०१७ मध्येच सर्क्युलर काढून शाळांना सांगितलं होतं की पुस्तकं-गणवेश ठराविक दुकानदारामार्फत विकायच्या भानगडीत पडू नका. आमच्या शाळेत त्यावर उपाय असा की चिठ्ठीवर "सक्ती नाही" लिहिलेलं असते अन् ते चेक्स दुसरीकडे कुठेच मिळत नाही. झालं. सक्ती कुठे आहे मॅडम, तुम्ही कुठूनही घ्या ना!

दुकानातला सीन सांगते. मार्चचा शेवट, दुपारचे बारा, दुकानात साठ माणसं अन् एक कूलर, तोही मालकाकडे तोंड करून. मी काउंटरवर विचारलं भाऊ हा शर्ट कॉटनचा आहे का. तो म्हणे "प्युअर कॉटन मॅडम, हात लावून पाहा." हात लावला तर कापड प्लास्टिकच्या पिशवीसारखं चुरचुरलं. मी म्हटलं भाऊ हे कॉटन नाही. तर म्हणे "कॉटन मिक्स आहे." मिक्स म्हणजे किती? "रिच कॉटन आहे मॅडम." अरे किती रिच? टक्के सांग ना! आत कॉलरला लेबल पाहिलं तर त्यावर दुकानाचं नाव, फोन नंबर अन् २४ साइज. काय कापड आहे त्याबद्दल एक अक्षर नाही. अन् ते लेबलच इतकं कडक नायलॉनचं की घरी आल्यावर पहिलं काम ते ब्लेडने उसवायचं केलं. उसवल्यावर त्याच्या शिलाईची टोकं उरली, ती त्याहून जास्त टोचायला लागली. शर्ट ४८०, पिनाफोर ८५०, दोन-दोन जोड, पीटीचा वेगळा. मागून लोक "चला मॅडम, लवकर" करून राहिले. घेतला अन् निघाली. चूक माझीच म्हणा.

आता नागपूरचा एप्रिल कसा असतो ते नागपूरवाल्यांना सांगायची गरज नाही. सीबीएसईवाल्यांचं सेशन एक एप्रिलला सुरू, पारा ४२-४३, वर्गात पंखे गरम हवा फेकून राहिले, अन् त्यात चाळीस लेकरं पॉलिस्टरमध्ये गुंडाळलेली. तिसऱ्या दिवशी पोरगी घरी आली तर गळ्याभोवती, काखेत अन् कमरेला जिथे पिनाफोरचा पट्टा येतो तिथे लालभडक घामोळ्या. गळ्याची लाइन तर अशी की स्केचपेनने कॉलर काढली वाटावं. डॉक्टरांनी कॅलामाइन लिहून दिलं अन् म्हणाले सुती कपडे घाला. हो ना डॉक्टर, घातले असते ना, कुठे मिळतात तेवढं पण लिहून द्या प्रिस्क्रिप्शनवर.

त्या रात्री मला कळेच ना की मी उगाच शंका घेऊन राहिली की काय, म्हणून शर्टाच्या आतल्या मार्जिनमधून दोन-चार धागे ओढून काढले. शिलाईचा दोरा नाही बरं, तो बहुतेक पॉलिस्टरचाच असतो, त्याने काही कळत नाही, कापडाचे धागे काढायचे. चिमट्यात धरून गॅसवर नेले. सुती धागा कागदासारखा जळतो, वास पण जळक्या कागदाचा, खाली भुरभुरीत राख, बोटाने चोळली की जाते. माझ्या जुन्या सुती साडीचा धागा जाळून पाहिला, अगदी तसाच. अन् या शर्टाचा धागा? आधी आकसला, मग काळ्या धुराने जळला अन् टोकाला मोहरीएवढा कडक काळा मणी. नखाने फुटेना. पीटीच्या टी-शर्टाचं तर विचारूच नका, तो जळलाच नाही, वितळला. नवरा पाणी प्यायला उठला होता, म्हणे रात्री अकराला काय जाळून राहिली. मी म्हटलं तुझ्या पोरीचा शर्ट.

बरं, यात फार मोठं विज्ञान पण नाही. सुती धागा हवेतला ओलावाच आपल्या वजनाच्या आठेक टक्के धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही. म्हणजे घाम आला की सुती कापड पिऊन घेते, हे पॉलिस्टर घेत नाही, मग तो घाम जातो कुठे? राहतो तिथेच, पोराच्या अंगाला चिकटून. लेकरू खाजवते, मॅडम म्हणतात "शी इज रेस्टलेस इन क्लास." पीटीएममध्ये खरंच म्हणाल्या मला. मी त्यांच्या अंगावरच्या छान ब्लॉक प्रिंटच्या सुती कुर्तीकडे पाहत बसली अन् तोंडातून एक शब्द फुटला नाही. घरी येऊन फुटले सगळे.

पण खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा येतो. अरे आपण राहतो कुठे! यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, जिकडे पाहा तिकडे कापूस. शाळेच्या पुस्तकात पांढरं सोनं म्हणून शिकवता. वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था बसली आहे. मेट्रोच्या एका स्टेशनचं नाव कॉटन मार्केट आहे! टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल काढली ती मुंबईत नाही, इथे नागपुरात, का, तर कापूस इथे पिकतो म्हणून. माझे आजोबा त्या मिलमध्ये होते, बेझनबागेत राहायचे, आजी सांगते की मिलचं कापड घरात इतकं असायचं की पोरांच्या चड्ड्यांपासून उशीच्या खोळीपर्यंत सगळं त्याचंच. आता त्या मिलच्या जागेवर मॉल आहे अन् एप्रिलमध्ये मी त्याच मॉलमध्ये दोन तास फिरली पांढऱ्या सुती शर्टासाठी, पाच वर्षांच्या पोरीच्या साइजचा. मिळाला काय? युनिकॉर्नचा टी-शर्ट. त्यावर चमकी.

अन् महाग पडते म्हणतात ना, तो हिशोब पण मी करून ठेवला. शर्ट किचनच्या काट्यावर ठेवला, १३० ग्रॅम. सरकीसकट कापसातून तिसऱ्या हिश्शाच्या आसपास रुई निघते, म्हणजे एवढ्याशा शर्टाला वाया जाणारं धरून फार फार तर अर्धा किलो कापूस. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. अर्ध्या किलोचे किती झाले? चाळीस रुपये. चाळीस! आलूपोंग्याचं पाकीट अन् एक चहा. कताई, विणाई, शिलाई, भाडं, मालकाचा कूलर सगळं मान्य, पण ४८० मधल्या चाळीस रुपयांसाठी माझी पोरगी खाजवून राहिली? माझा मामा हिंगणघाटकडे कापूस लावतो. दरवर्षी पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात, दहीभात ठेवतात, कापसाच्या झाडाची पूजा करतात. यंदा आम्ही गेलो की पोरगी तिथे पण "फॅन्सी" पॉलिस्टर फ्रॉकमध्येच उभी राहणार, कारण आत्याने दिला ना.

नाही, मी हातावर हात ठेवून नाही बसली. गांधीबागच्या कापड बाजारात गेली, चार दुकानं पालथी घातली. पांढरं सुती पॉपलीन मिळालं, छान मऊ, रात्रभर बादलीत भिजवून ठेवलं म्हणजे नंतर आटणार नाही, वाळवून टेलर काकांकडे दिलं. ते म्हणे "ताई लहान मुलाचा शर्ट कोणी शिवत नाही आता, मोठ्या माणसाएवढीच मेहनत लागते, कापड फक्त कमी." तरी शिवला बिचाऱ्यांनी, आतून सगळ्या शिलाया दुमडून, एक धागा टोचत नव्हता. पोरगी इतकी खूश की संध्याकाळी पण काढायला तयार नाही. दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी डायरीत नोट: "किंडली सेंड युअर वॉर्ड इन प्रॉपर युनिफॉर्म. शेड मिसमॅच." शेड! पांढऱ्याची! यांचा पांढरा निळसर ट्यूबलाइटसारखा चमकतो अन् माझा सुती शर्ट पांढऱ्यासारखा पांढरा दिसतो, एवढाच गुन्हा. असेंब्लीत फोटोत वेगळी दिसते म्हणे. मी भेटायला गेली, ऑफिसमध्ये एसी असा गारेगार की मलाच ओढणी घट्ट करावी लागली. तिथून उत्तर मिळालं, "मॅडम, युनिफॉर्मिटी मेंटेन करावी लागते." सोळा डिग्रीत बसून युनिफॉर्मिटी मेंटेन करायला काय जाते.

आयांच्या ग्रुपवर टाकलं तर तिथे वेगळंच. एक म्हणे "किती नाजूक करता मुलांना." एक म्हणे कॉटन चुरगळते, सकाळी इस्त्री कोण करणार. हे दुसरं मला पटलं, खोटं कशाला बोलू, सकाळी सहाला डब्बा, पाणी, वेण्या अन् त्यात इस्त्री म्हणजे जीव जातो, अन् पॉलिस्टर धुतलं, झटकलं, वाळलं, घातलं, माझं पण काम त्यानेच हलकं होते. पण मग चुरगळू द्या ना! पाच वर्षांचं पोर आहे, मातीत खेळते, त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा दिसलाच पाहिजे हे ठरवलं कोणी? शंभर टक्के सुती नका देऊ, ऐंशी-वीस द्या, साठ-चाळीस द्या, पण सांगा तरी की काय दिलं. सासरे म्हणतात आमच्या काळी टेरिकॉटची, म्हणजे पॉलिस्टर मिक्सची, पँट म्हणजे श्रीमंती होती, सुती तर गरीब घालायचे. घ्या. म्हणजे तेव्हाच्या श्रीमंतीची खाज आता माझ्या पोरीला.

अन् कळस तर या दोन तारखेला झाला. गांधी जयंती! शाळेतून मेसेज, मुलांना खादीच्या पांढऱ्या कपड्यात पाठवा, "चरखा अँड स्वदेशी" वर दोन ओळी पाठ करून. सेवाग्राम इथून दीड-दोन तासांवर आहे, वगैरे ज्ञान पण दिलं मेसेजमध्ये. मी खादी भांडारातून बारका कुर्ता आणला अन् पाठवला. त्या दिवशी पोरगी घरी आली, दप्तर फेकलं, जेवली अन् तशीच कुर्त्यातच झोपून गेली. दोन तास. एकदा पण मानेकडे हात नाही गेला. मी बाजूला बसून तिची मान पाहत होती, खरंच सांगते, डोळ्यात पाणी आलं मला, रागाचं की कशाचं माहीत नाही. वर्षातून एक दिवस लेकराला अंगाला सोसेल असं कापड घालायची परवानगी, अन् ती पण भाषणासाठी.

दुसऱ्या दिवशी परत तोच शर्ट. सध्या मी आतून सुती शमीज घालते, म्हणजे ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन थर, पण चावत तरी नाही तेवढं. कॉलरच्या आतून जुन्या मलमलच्या ओढणीची पट्टी हाताने टाचली आहे, बाहेरून दिसत नाही, शेड मॅच आहे, धन्यवाद. मोज्यांचं इलॅस्टिक कापून सैल केलं. पिनाफोरला अस्तर लावायचं आहे, दिवाळीच्या सुट्टीत बसेन.

कोणाला नागपुरात लहान पोरांचे सुती शर्ट शिवणारं कोणी माहीत असेल तर सांगा रे, दोन पैसे जास्त घेतले तरी चालेल. त्या टेलर काकांनी हात जोडले आता.

हे लिहिता लिहिता फोन वाजला. शाळेचा मेसेज. एक नोव्हेंबरपासून मरून स्वेटर कंपल्सरी, ठरलेल्या दुकानात उपलब्ध. शेजारणीकडे मागच्या वर्षीचा आहे, जाऊन हात लावून आली. ॲक्रेलिक, म्हणजे परत कृत्रिम धागाच. पोरगी दारात उभी राहून विचारते, आई, तो पण चावते का?