परदेशातून: चाकू लागला की चेकाळतो म्हणे

माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा मावसभावाने पुन्हा तोच फॉरवर्ड टाकला: 'कॅन्सरच्या गाठीला चाकू लावू नका, चेकाळते.' खाली सतरा जणांचे हात जोडलेले. मग मावशीचा व्हॉइस मेसेज, "दाजींना कापलंच नसतं तर एवढं झालं नसतं गं."

दाजी म्हणजे माझे बाबा. ऑपरेशनमुळेच ते आज चहाला साखर कमी पडली म्हणून कुरकुर करतायत, पण हे गटावर सांगायचं कुणी?

मुळात आठ महिने त्यांना शौचावाटे रक्त पडत होतं. 'मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन' अशी पाटी लावलेल्या एकाकडे ते जात होते. पुड्या, मलम, कोमट पाण्यात बसणं. गुदाशयाच्या खालच्या टोकाची गाठ हातमोजा घातलेल्या बोटाला लागते, त्याला मशीन लागत नाही. आठ महिन्यांत कुणी ते बोट घातलं नाही. त्या पाटीबद्दल गटावर चकार शब्द नाही. राग सगळा चाकूवर.

मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला राहते. राउंडअबाउट सोडले तर या गावात दाखवण्यासारखं काही नाही, असं इथलेच लोक म्हणतात. पण गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन कसं करावं हे जगाला शिकवलं ते इथल्या बिल हील्ड नावाच्या सर्जननी. 1982 मध्ये त्यांनी मांडलं की नुसती गाठ काढून भागत नाही. गुदाशयाभोवती चरबीचं जे वेष्टन असतं, मेसोरेक्टम, ते न फाटता अख्खं बाहेर आलं पाहिजे, कारण कॅन्सरच्या पेशी तिथेच दडून बसतात. स्टॉकहोमच्या सर्जनांना ही पद्धत शिकवल्यावर तिथे गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण सुमारे 15 टक्क्यांवरून 6 वर आलं. चाकू तोच, हात शिकलेला.

म्हणजे मावशी अगदीच चूक नाही, हे कबूल करायला मला जड जातं. अर्धवट निघालेली गाठ परत येऊ शकते. लोकांनी तेच आपल्या घरात पाहिलं आणि नाव चाकूचं घेतलं. टाटाला हे ऑपरेशन रोजचं आहे. पण सांगलीहून परळ गाठायचं, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघायची, आणि बाबांसारख्या माणसाने हे सगळं 'मूळव्याधीसाठी' कशाला करावं? महात्मा फुले योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेलं, चांगलंच झालं. पण त्याचा उपयोग निदानानंतर.

इथे पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी शौचातलं न दिसणारं रक्त तपासायचं किट पोस्टाने येतं. शौचात काडी बुडवा, नळीत घाला, पोस्टात टाका. टॉयलेट रोलच्या वेष्टनावरसुद्धा लक्षणं छापली होती. कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडला तर दहातले नऊ पाच वर्षांनंतरही असतात, चौथ्यात जेमतेम एक. हे गटावर लिहिलं की भाऊ म्हणतो, "लागली इंग्लंडची टेप." संशय आल्यापासून 62 दिवसांत उपचार सुरू करण्याचं लक्ष्य आमच्या एनएचएसला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेला, वर्षानुवर्षं गाठता आलेलं नाही. ते मी लिहीत नाही.

माझं स्वतःचं किट मायक्रोवेव्हशेजारी चार महिने पडून होतं, हेही लिहीत नाही. बाबांचं कळलं त्या रात्री भरलं. मला कळलंच मुळी ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी. "तू तिथून काय करणार होतीस?" दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

बाबांना शौचासाठी पोटावर कायमची पिशवी बसली. इथे ती फुकट घरपोच येते, स्टोमा नर्स, म्हणजे पोटावरच्या त्या भोकाची काळजी शिकवणारी, फोनवर असते. तिकडे दादाच नर्स. पुढच्या महिन्यात जातेय, तर त्याने एकच गोष्ट मागितली: तिकडच्या पिशव्या आण, घामात सुटत नाहीत म्हणे. मी ऑर्डर करायला बसले. पोटाला चिकटणाऱ्या चकतीला किती मापाचं भोक हवं, असं फॉर्म विचारत होता.

दादाला मेसेज केला. रात्रीचे दोन वाजले असतील तिकडे. लगेच उत्तर आलं.

"35 मिमी. आधी 40 होतं, आता सूज उतरलीय."