खाली लाव्हाचा समुद्र वगैरे काही नाहीये

परत तोच व्हिडिओ फिरतोय. म्हणे पातळ कवचाखाली सगळीकडे लाव्हाचा समुद्र आहे, ज्वालामुखी म्हणजे कवचाला पडलेली भोकं, त्यातून निघालेली नवीन जमीन कायमची वाढत जाते आणि म्हणून पृथ्वी फुगत चाललीय. चारपैकी अर्धं कुठेतरी बरोबर असेल.

आधी तो समुद्र. कवचाखालचा मँटल हा दगडच आहे, घट्ट. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जातच नाहीत आणि मँटलमधून मात्र मस्त जातात, अडतात त्या थेट 2,900 किमी खाली, जिथून बाहेरचा गाभा सुरू होतो, आणि तोही मुख्यतः वितळलेलं लोखंड, लाव्हा नाही. चित्रात मँटल लालभडक रंगवतात ना, त्यानेच अर्धा घोळ झालाय असं मला वाटतं, वरच्या मँटलचा खडक हातात घेतला तर चक्क हिरवट दिसतो, ऑलिव्हिन या खनिजामुळे.

मग लाव्हा येतो कुठून? व्हिडिओत नेमकं हेच गाळलंय. खालचा दगड तापलेला असतोच, तेराशे अंशांच्या आसपास, पण वरच्या दाबामुळे वितळत नाही. कुकरमधलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही आणि दाब सुटला की एकदम उकळतं, तसंच काहीसं. समुद्राच्या तळाशी दोन प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे प्रचंड तुकडे, एकमेकींपासून लांब सरकतात, खालचा घन दगड हळूहळू वर चढतो, दाब उतरतो आणि जास्तीची आच न लागताच त्यातला थोडा भाग वितळतो. सगळा नाही हां, थोडाच, तो बेसाल्ट होऊन थिजतो आणि सात-एक किमी जाडीचं नवं कवच तयार. दुसरी तऱ्हा पाण्याची: एक प्लेट दुसरीखाली घुसते, तिच्या खनिजांतलं पाणी सुटून वरच्या मँटलमध्ये शिरतं आणि दगड कमी तापमानालाच वितळायला लागतो. जपान, अँडीज इथले ज्वालामुखी या जातीचे.

भोकांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त नवं कवच शंकूसारख्या डोंगरातून येतच नाही, ते येतं समुद्रतळाशी प्लेट लांब सरकतात तिथल्या 65,000 किमीच्या भेगाळ डोंगररांगेतून, कुणाला न दिसता. आइसलँडला ती पाण्यावर आलीय एवढंच.

नवीन जमीन कायमची? आइसलँडजवळचं सुर्ट्सी बेट 1963 ते 1967 मध्ये उभं राहिलं, 2.7 चौ. किमी झालं, आणि लाटांनी खाऊन आता साधारण निम्मं उरलंय. हवाईत किलाउएआ ज्वालामुखीने 2018 मध्ये तीनेक चौ. किमी जमीन वाढवली, पण लाव्हाचा असा नवा काठ भुसभुशीत उतारावर टेकलेला असतो, कधी कोसळेल नेम नाही.

राहिलं फुगणं. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, वर आला म्हणजे खालचंच वर आलं, बाहेरून भर पडली नाही. आणि जेवढं कवच रांगांवर तयार होतं तेवढंच समुद्री खंदकांत, एक प्लेट दुसरीखाली घुसते तिथे, परत खाली जातं, म्हणून तर महासागरांचा जवळपास सगळा तळ 20 कोटी वर्षांहून तरुण आहे आणि खंडांवर मात्र 400 कोटी वर्षांचे खडक सापडतात. शिवाय उपग्रहांनी पृथ्वीची त्रिज्या मोजलीय, 2011 च्या अभ्यासात फरक आला वर्षाला 0.1 मिलीमीटर, आणि तोही मोजमापाच्या चुकीत जमा.