किलोमागे पन्नास पैसे

ज्वारीचे दोन हमीभाव असतात, एक हायब्रीडचा, म्हणजे संकरित वाणांचा, आणि एक मालदांडीचा, म्हणजे रब्बीच्या जुन्या देशी वाणाचा. २०२५-२६ साठी केंद्राने हायब्रीडला क्विंटलमागे ३६९९ रुपये जाहीर केले आणि मालदांडीला ३७४९. फरक ५० रुपयांचा, म्हणजे किलोमागे पन्नास पैसे. धान्याच्या दर्जाची आपल्या धोरणात एवढीच किंमत आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

मी सोलापूर जिल्ह्यातली. आमच्याकडे ज्वारी रब्बीची. सप्टेंबरच्या मध्यानंतर, हस्ताच्या आगेमागे पेरायची आणि मग पाऊस जवळजवळ संपलेला असतो. पीक सगळं वाढतं ते काळ्या भारी जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर. ओल उडू नये, भेगा बुजाव्यात म्हणून कोळपणी करायची. फवारणी फारशी नाहीच. कणीस भरतं ते कोरड्या हवेत, त्यामुळे दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा राहतो. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात तिथल्या मातीचा वाटा फार मोठा आहे.

खरिपाच्या हायब्रीडचं उलटं होतं. १९६४ मध्ये पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, आली. उत्पादन भरघोस, ताट ठेंगणं, पीक लवकर हाताशी. पण लवकर म्हणजे ऐन पावसात. दाणा भरत असताना कणसावर पाऊस बसतो, बुरशी धरते आणि ज्वारी काळी पडते. जुने गावरान खरीप वाण उशिरा पक्व व्हायचे, पाऊस ओसरल्यावर. म्हणून ते यातून सुटायचे. हायब्रीडला मी नावं ठेवत नाही. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेला तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्लेल्या पिढीला पोटभर धान्याचं मोल माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण भूक भागल्यावरही पन्नास वर्षं आपण क्विंटलच मोजत राहिलो, हे मला पटत नाही.

दर्जा म्हणजे काय, ते परातीत कळतं. नव्या मालदांडीचं ताजं पीठ साध्या कोमट पाण्यात मळलं तरी एकजीव होतं. थापताना कडा फाटत नाहीत, तव्यावर पापुद्रा टम्म सुटतो, आणि सकाळची भाकरी रानात दुपारी सोडली तरी मऊ असते, गोडसर लागते. काळ्या पडलेल्या ज्वारीची भाकरी तोंडात कडवट उतरते. आणि पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. मग उकळतं पाणी घाला, उकड काढा, काही करा, भाकरी तुटतेच. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी मुली मला सांगतात, "ताई, आम्हाला भाकरी जमत नाही." अगं, तुझ्या हाताचा काही दोष नाही. तुझ्या पाकिटातलं पीठ कोणत्या ज्वारीचं आहे, कोणत्या हंगामाचं आहे, यातलं काहीच पाकिटावर धड लिहिलेलं नसतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हापासून ज्वारीची बिस्किटं, ज्वारीचे पोहे, सगळं दुकानात आलं. ते दाणे शाळूचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, की पावसात भिजलेले, हे कुणी विचारताना दिसलं नाही.

इकडे शिवारात मालदांडी कमी होत चालली आहे. कारण चवीचं नाही, काढणीचं आहे. हे ताट माणसाच्या डोक्याच्या वर जातं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात एकेक ताट मुळासकट हाताने उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची. तळहाताला फोड येतात. हे काम करायला आता माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी द्यायलाच हवी, काम तसंच कष्टाचं आहे. हरभरा लवकर निघतो, त्याच्या उंच वाढणाऱ्या वाणात तर हार्वेस्टरही चालतो. पाणी आलं तिथे ऊस. आमच्या भावकीतले बरेच जण आता घरच्या खाण्यापुरती आणि जनावरांच्या कडब्यापुरतीच ज्वारी पेरतात. खरं तर कडब्यामुळेच ती टिकली आहे, असं मी म्हणेन. माणसांपेक्षा जनावरांची गरज तिच्या जास्त उपयोगी पडली.

बाजारात चांगल्या मालदांडीला हायब्रीडपेक्षा बराच जास्त भाव मिळतो, म्हणजे गिऱ्हाइकाला फरक कळतो. मग सरकारी दरात तो पन्नास पैशांवर का अडकावा? हा फरक काढणीच्या मजुरीचा हिशेब धरून ठरवला पाहिजे. राहुरी आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी ज्वारीचे चांगले वाण दिले आहेत. आता उंच रब्बी ज्वारी मुळासकट उपटणारं, लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्रही तितक्याच तळमळीने व्हायला हवं.

आणि शहरातल्यांना एक सांगणं. नवी ज्वारी मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येते. पीठ घेऊ नका, दाणे घ्या, ऊन दाखवून कडुनिंबाचा पाला घालून ठेवा आणि आठवड्या-दोन आठवड्यांपुरतंच दळून आणा. थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर भाव करण्याआधी त्याला एवढंच विचारा, की यंदा काढणीला एकरी किती मजुरी पडली.