बिअरला वास आला की भांड्यांना दोष देऊ नका

अमेरिकेत घरी बिअर करणाऱ्या आपल्या मंडळींत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘चव बिघडली म्हणजे भांडी अस्वच्छ होती, बॅचला जंतू लागले. ओतून द्या आणि पुढच्या वेळी सगळं ब्लीचने धुवा.’ यातलं जवळपास सगळंच चुकीचं आहे.

आधी ब्लीचचं बघू, कारण त्यानेच माझी एक अख्खी बॅच गेली. बादली ब्लीचने धुतली, पाण्याने विसळली, तरी बिअरला बँडेडचा, दवाखान्यातला वास आला. ब्लीचमधलं क्लोरीन आणि बिअरमधली फिनॉल नावाची द्रव्यं एकत्र आली की क्लोरोफिनॉल तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की लेशमात्र असलं तरी जिभेला कळतं, आणि कितीही मुरवलं तरी जात नाही. म्हणजे हा सल्ला पाळणारा माणूस वास आला म्हणून आणखी ब्लीच ओततो आणि पुढची बॅचही घालवतो! न विसळता चालणारं आम्लयुक्त सॅनिटायझर वापरा. नळाच्या पाण्याकडेही लक्ष द्या. कित्येक शहरं क्लोरीनऐवजी क्लोरामीन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) घालतात. ते पाणी रात्रभर उघडं ठेवूनही उडून जात नाही. 20 लिटर पाण्यात कॅम्पडेनची (बिअर-वाइनसाठी मिळणारी सल्फाइटची) पाव गोळी चुरून टाकली की काम होतं.

दुसरा दावा, प्रत्येक वाईट चव जंतूंची. जंतू लागतात, हे खरं. बिअरवर सायीसारखा पापुद्रा धरतो, विसरून गेलेल्या विरजणासारखा आंबटपणा येतो, बाटली उघडताच फेस उसळत राहतो. पण उकडलेल्या मक्याचा वास बहुधा फिकट माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या सातूचा) काढा झाकण ठेवून उकळल्याने येतो. झाकण काढून तास-दीड तास खळखळून उकळा. स्कंकसारखा (दुर्गंधी सोडणाऱ्या अमेरिकी प्राण्यासारखा) वास उजेडाचा. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत हॉप्सची (कडवटपणा देणाऱ्या फुलांची) बिअर उन्हात ठेवली की काही मिनिटांत तो येतो. ओल्या पुठ्ठ्याची चव बाटल्या भरताना मिसळलेल्या हवेची. आणि 27-28 अंश सेल्सियसवर साध्या एल यीस्टने (एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टने) आंबवलं तर नेलपॉलिश रिमूव्हरसारखा, घशाला चटका देणारा दर्प येतो. यात भांड्यांचा काय दोष?

‘ओतून द्या’ हे वाचलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण लोण्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास बहुतेक वेळा एवढंच सांगतो की बिअर अजून कच्ची आहे. लोण्याचा वास डायॲसिटिलचा. आंबवताना यीस्टने सोडलेल्या द्रव्यापासून ते बनतं आणि पुढे यीस्टच ते शोषून घेतं. आपण घाईने बिअर थंड केली की यीस्ट खाली बसतं आणि काम अर्धवट राहतं. लागरमध्ये, म्हणजे थंडीत आंबवलेल्या बिअरमध्ये, तर हे नेहमीचंच.

यीस्टचं हे काम पूर्ण झालं का, ते तपासणं सोपं आहे. दोन झाकणाच्या काचेच्या बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक गरम पाण्यात 60-65 अंशांवर 20 मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्हींचा वास घ्या. तापवलेल्या बरणीला लोण्याचा वास आला तर बाटल्या भरू नका. भांडं 18-20 अंशांवर आणखी दोन-तीन दिवस राहू द्या आणि पुन्हा तपासा.