मुळा-मुठेच्या पाण्याचा जाहीर हिशेब हवा

पावसाळ्यात खडकवासल्यातून किती क्यूसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडले, हे पुण्यातल्या शाळकरी मुलालाही सांगता येते. विसर्ग वाढला की तासाभरात तो आकडा मोबाईलवर फिरतो, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे फोटो येतात, नदीपात्रातल्या रस्त्यावरची वाहने हलवली जातात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेपैकी आज किती साठा आहे, हे रोजच्या वर्तमानपत्रात येते आणि लोक ते वाचतात. हे आधी सांगण्याचे कारण असे, की मुळा-मुठा नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की ‘तांत्रिक आकडे सामान्य माणसाला कळत नाहीत’ हे उत्तर हमखास ऐकू येते. ज्या शहराला टीएमसी आणि क्यूसेक कळतात, त्याला पाण्याच्या प्रदूषणाचे माप असलेला बीओडीही कळेल. तो नेमाने आणि जाहीरपणे सांगितला गेला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणू जेवढा प्राणवायू खर्च करतात, त्याचे माप म्हणजे बीओडी. स्नानायोग्य पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असू नये, असा निकष आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे नोंदवले, त्यांतले ५३ महाराष्ट्रात होते. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ पर्यंत खाली आला, महाराष्ट्राचा मात्र ५५ वर गेला. दोन्ही वेळा राज्यांमध्ये आपला क्रमांक पहिला होता आणि दोन्ही याद्यांमध्ये मुठा सर्वांत गंभीर वर्गात होती. या वर्गात येण्यासाठी बीओडी ३० च्या वर असावा लागतो, म्हणजे निकषाच्या दहा पटींहून अधिक.

आता आपल्याला जी माहिती मिळते, तिच्याकडे पाहू. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जामुळे ज्याला आपण सगळे ‘जायका प्रकल्प’ म्हणतो, त्या मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण योजनेला २०१६ च्या सुरुवातीला मंजुरी मिळाली. खर्च ९९०.२६ कोटी रुपये, त्यातला ८५ टक्के वाटा केंद्र सरकारचा, आणि ११ नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे मिळून दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता, असा तो आराखडा होता. पूर्ण होण्याची मुदत जानेवारी २०२२ होती. ती उलटून गेली तेव्हा बहुतेक ठिकाणी बांधकाम नुकतेच हाती घेतले जात होते. त्यानंतर नागरिकांना जे कळत आले, ते बहुतांशी एकाच प्रकारचे आहे: अमुक केंद्राचे इतके टक्के काम झाले, वाहिन्या इतके किलोमीटर टाकल्या, निधी इतका खर्ची पडला. ही माहिती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती कंत्राटाची माहिती आहे, नदीची नाही, एवढे मात्र मी ठामपणे म्हणते.

केंद्र बांधून झाले म्हणजे मैलापाणी तिथे पोहोचले असे होत नाही. ते आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला अशा ओढ्या-नाल्यांमधून नदीत उतरते. ते वाटेत अडवून मुख्य वाहिनीत वळवावे लागते, तिथून पंपिंग स्टेशनने उचलून केंद्रात न्यावे लागते आणि वीज गेली, पंप बंद पडला किंवा वाहिनी तुंबली की तेच पाणी जसेच्या तसे नदीत जाते. त्यातच २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, तर योजना मंजूर झाली ती त्याआधीच्या शहरासाठी. म्हणजे ११ केंद्रांचे काम कागदोपत्री शंभर टक्के पूर्ण होऊनही संगम पुलाखालचे पाणी काळेच राहू शकते.

म्हणून मागणी पाण्याच्या आकड्यांची आहे, आणि ती अवघड नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ खडकवासला, वीर सावरकर भवन, डेक्कन पूल, संगम पूल, बंडगार्डन, मुंढवा, थेऊर अशा ठरलेल्या ठिकाणांहून नमुने घेतेच. तेच आकडे त्या-त्या पुलावर मोठ्या फलकावर, मराठीत, दर महिन्याला लागले पाहिजेत. बीओडीची तपासणी २७ अंश तापमानाला तीन दिवस चालते, त्यामुळे तो आकडा रोज मिळणार नाही हे मान्य. पण विरघळलेला प्राणवायू मीटरने जागच्या जागी मोजता येतो. प्रत्येक शुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर काल किती मैलापाणी आत आले, किती शुद्ध होऊन बाहेर गेले आणि किती तास ते शुद्ध न करताच नदीत सोडावे (बायपास करावे) लागले, हेही लिहिलेले असावे. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यंत्रणा कुठे कमी पडते हे त्यावरून कळते आणि नेमका तोच कधी सांगितला जात नाही.

आकडे देताना ऋतूचे भान ठेवणेही तितकेच गरजेचे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सुटले की घाण पातळ होते आणि आकडे सुधारल्यासारखे दिसतात; एप्रिल-मेमध्ये वरून पाणी येत नाही आणि पात्रात बहुतांशी शहराचे सांडपाणीच वाहत असते. एप्रिलशी ऑगस्टची तुलना करून नदी सुधारल्याचे सांगणे ही फसवणूक ठरेल. तुलना एका एप्रिलची दुसऱ्या एप्रिलशीच व्हायला हवी.

जलपर्णीचेही असेच आहे. दरवर्षी ती काढल्याच्या बातम्या येतात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंढवा, केशवनगर, खराडी भागात नदीवर डासांचे उंच लोट उठलेले साऱ्या देशाने पाहिले. जलपर्णी वाढते ती मैलापाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. तेव्हा काढलेल्या जलपर्णीचे टन सांगताना नदीत गेलेल्या मैलापाण्याचे लिटरही सांगायला हवेत. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुशोभीकरणाबद्दल माझे मत थोडक्यात देते: नागरिकांना नदीकाठी फिरता यावे असे मलाही वाटते, पण पाणी शुद्ध होण्याआधी काठ सजवण्याचा हा क्रम मला पूर्णपणे चुकीचा वाटतो.

या हिशेबावर केवळ पुणेकरांचा हक्क नाही, हे आपण फार सहज विसरतो. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, उचललेले पाणी जुन्या कालव्याने हवेली-दौंडच्या शेतांना जाते. उरलेले मांजरी, थेऊरवरून पुढे भीमेला मिळते आणि उजनीत साठते. त्याच उजनीचे पाणी सोलापूर शहर पिते आणि त्याच भीमेच्या चंद्रभागेत पंढरपूरला वारकरी स्नान करतात. पुण्यात एखादे केंद्र बंद पडले तर ते थेऊरच्या शेतकऱ्याला आणि सोलापूरच्या पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळले पाहिजे. आज ते त्यांना पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ओळखावे लागते, आणि ही गोष्ट मला अतिशय लाजिरवाणी वाटते.

कायद्याचा आधार शोधायला दूर जावे लागत नाही. शहराच्या पर्यावरणाचा अहवाल दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन महापालिका अधिनियमातच आहे, आणि माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ नुसार कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती खुली करणे हे प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाचे कर्तव्य आहे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाकडे होता. या योजनेचे काम नेमके त्याच काळात सुरू असताना सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. त्यामुळे आता दर तीन महिन्यांनी प्रत्येक नदीकाठच्या प्रभागात उघडी सभा व्हावी, तिथे अभियंत्यांनी बंद पडलेल्या तासांसह आकडे मांडावेत आणि मागच्या सभेतल्या प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत. तसेच प्रत्येक नवे केंद्र सुरू करताना उद्घाटनाच्या पाटीशेजारी त्याच्या खालच्या पुलाजवळचे मागच्या एप्रिलचे आकडे लावावेत आणि पुढच्या एप्रिलचे आकडे कोणत्या तारखेला तिथे लागतील, ते त्याच दिवशी जाहीर करावे.