केबल गेल्या, नेटवर्क गेलं नाही

गेले काही महिने एक मजकूर हातोहात फिरतो आहे. क्लाउड शिकायला निघालेलं कुणी ना कुणी तो मला पाठवतं आणि खाली एकच ओळ असते, "खरंय का हे?" मजकुराचा गोषवारा असा: क्लाउडमध्ये ना केबल ना राउटर, तेव्हा नेटवर्किंगवर वेळ घालवू नका. आयडेंटिटी म्हणजे लॉगिन, ते एकदा लावलं की विषय संपला. सर्व्हरलेस (सर्व्हर स्वतः न सांभाळता कोड चालवायची सोय) आल्यापासून होस्टिंग, म्हणजे ॲप इंटरनेटवर चालतं ठेवणं, हे एका बटणाचं काम. तीस दिवसांत प्रमाणपत्र काढा आणि कामाला लागा.

अगदीच बिनबुडाचं आहे असं नाही. केबलला टोक बसवायचं क्रिंपिंग टूल कधी हातात न धरताही क्लाउडचं काम करता येतं. नेटवर्किंगच्या पुस्तकातले ओएसआयचे सात थर घडाघडा म्हणून दाखवायची वेळ माझ्यावरही कित्येक वर्षांत आलेली नाही. पण डोळ्यांसमोरून गेलं ते यंत्र. कुणाला कोणता पत्ता द्यायचा, कुणी कुणापर्यंत पोचायचं आणि पोचल्यावर त्याला काय करू द्यायचं, हे ठरवायचं काम तिथंच आहे. पूर्वी ते नेटवर्कवाल्याकडे असायचं, आता ते कोड लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडलंय, एवढाच फरक.

"केबल नाहीत, म्हणजे नेटवर्किंग नको."

नेहमीचा प्रसंग घ्या. ॲप चालू आहे, डेटाबेसही चालू आहे, पण दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. नेटवर्किंग न शिकलेला माणूस आधी पासवर्ड तपासतो, मग ॲप रीस्टार्ट करतो, मग पुन्हा पासवर्ड तपासतो. उत्तर खरं तर लॉगमध्येच आलेलं असतं. 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसलं, तर पॅकेट (पाठवलेल्या माहितीचा तुकडा) बहुतेक वाटेतच गडप झालंय: सिक्युरिटी ग्रुपने, म्हणजे मशीनभोवतीच्या येण्याजाण्याच्या नियमांनी, सोडलेलं नाही किंवा राउट टेबलमध्ये (वाटांच्या यादीत) वाटच नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' दिसलं, तर एका अर्थी बरंच झालं. बहुधा मशीनपर्यंत तुम्ही पोचलात, त्या पोर्टवर (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दारावर) ऐकणारं कुणी नाही इतकंच. आणि पासवर्डच चुकला असता, तर डेटाबेसने तसं तोंडावर सांगितलं असतं. नकार तीन प्रकारचे, शोधायच्या जागाही तीन. नवख्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच कान देऊन ऐकायला सांगतो.

याच्या एक पायरी पुढे गेलं की घोडं हमखास पेंड खातं. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये सिक्युरिटी ग्रुप आत आलेली विनंती लक्षात ठेवतो आणि तिचं उत्तर आपसूक बाहेर जाऊ देतो. नेटवर्क एसीएल, म्हणजे सबनेटच्या (नेटवर्कच्या एका तुकड्याच्या) वेशीवरची नियमांची यादी, काहीच लक्षात ठेवत नाही. तिथे ४४३ पोर्ट आत येण्यासाठी उघडलं आणि उत्तरासाठी १०२४ ते ६५५३५ हा पोर्टचा पट्टा बाहेर जायला उघडला नाही, तर विनंती पोचते आणि उत्तर दारातच अडतं. हे ज्याला माहीत नाही त्याचा दिवस गेलाच म्हणून समजा.

पत्त्यांचंही तेच. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. शिकवण्यांमध्ये सगळीकडे १०.०.०.०/१६ हा पत्त्यांचा पट्टा दिसायचा म्हणून मी दोन वेगळ्या प्रकल्पांची नेटवर्कं तोच पट्टा देऊन उभी केली. पुढे दोन्ही जोडायची वेळ आली, तर पीअरिंग, म्हणजे दोन नेटवर्कांची थेट जोडणी, होईना. पट्टे एकमेकांवर चढत असतील तर ते होतच नाही, आणि तयार झालेल्या व्हीपीसीचा (क्लाउडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कचा) मुख्य पट्टा मागाहून बदलता येत नाही. एक नेटवर्क मुळापासून पुन्हा उभारावं लागलं. आणखी एक बारकी गोष्ट: /२४ च्या सबनेटमध्ये २५६ पत्ते असतात, पण ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टचं ॲझुर दोघंही त्यातले ५ स्वतःकडे ठेवतात. /२८ घेतलं, म्हणजे १६ पत्ते, तर हातात ११ उरतात. छोटं सबनेट घेऊन वर भराभर वाढणारे कंटेनर (ॲपच्या बंदिस्त प्रती) चालवले, की या ५ पत्त्यांची किंमत कळते.

"ते सगळं कंपनी बघते" म्हणणाऱ्यांसाठी २० ऑक्टोबर २०२५ ची आठवण पुरे. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये (डेटा सेंटरांच्या समूहात) डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंद, रिकामी झाली. कारण काय, तर दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या. डेटा शाबूत होता, फक्त नावावरून पत्ता मिळेना. जगभरातल्या सेवा अडकल्या. डीएनएस ज्याला कळतं त्यालाही त्या दिवशी काही दुरुस्त करता आलं नसेल, पण निदान तो स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसला नाही.

"आयडेंटिटी म्हणजे लॉगिन."

मला या मजकुरातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच वाटतं. क्लाउडमध्ये ओळख माणसांना असते तशीच मशीनला, फंक्शनला, नवा कोड चढवणाऱ्या पाइपलाइनलाही असते, आणि माणसं सोडली तर यातलं कुणीही पासवर्ड टाइप करत नाही. त्यांना रोल (परवानग्या जोडलेली भूमिका) दिलेला असतो आणि थोड्या वेळापुरत्या किल्ल्या मिळतात. त्या रोलला किती मोकळीक द्यायची, हे ठरवणं म्हणजे आयडेंटिटी मॅनेजमेंट. लॉगिनचा पडदा हा त्यातला छोटासा भाग.

२०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेचं जे झालं ते या मुद्द्यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. वेब फायरवॉलच्या (वेबवरून येणाऱ्या विनंत्या गाळणाऱ्या यंत्रणेच्या) चुकीच्या मांडणीचा फायदा घेऊन त्याच मशीनकडून १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विनंती करवली गेली. क्लाउडमधलं मशीन स्वतःबद्दलची माहिती याच पत्त्यावर विचारतं, आणि त्या माहितीत त्याच्या रोलच्या तात्पुरत्या किल्ल्याही असतात. फायरवॉलच्या त्या रोलला साठवणीतले बकेट (फायलींचे कप्पे) वाचायची परवानगी होती. फायरवॉलला ती कशाला हवी होती? सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली, आणि त्यासाठी कुणाचा पासवर्ड ओळखावा लागला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने ही माहिती देण्याआधी टोकन मागणारी नवी पद्धत आणली. चोरीची वाट अरुंद झाली, पण रोलला दिलेली मोकळीक आजही तुम्हीच ठरवता.

परवानग्यांचं गणितही बेरजेचं नाही. काहीच लिहिलं नसेल तर नकार, कुठे परवानगी लिहिली असेल तर होकार, आणि कुठेही स्पष्ट नकार लिहिला असेल तर बाकी कितीही होकार असोत, नकारच. ॲडमिन असूनही 'ॲक्सेस डिनाइड' येतं म्हणून चक्रावलेले लोक बहुतेकदा याच तिसऱ्या नियमाला अडकलेले असतात. आणि जाता जाता: २०१२ चं ओऑथ २.० हे मानक परवानगी सोपवण्यासाठी आहे, माणूस कोण हे सिद्ध करण्यासाठी नाही. त्यासाठी २०१४ मध्ये त्यावर ओपनआयडी कनेक्ट आलं. ॲक्सेस टोकन (परवानगीची चिठ्ठी) मिळालं म्हणजे लॉगिन झालं असं धरणारा कोड अजूनही दिसतो.

"होस्टिंग म्हणजे एक बटण."

बटण आहेच, मीही दाबतो. ते दाबल्यावर पडद्यावर ५०२ हा एरर आला की पुढे काय, हा प्रश्न आहे. ५०२ म्हणजे पुढचा लोड बॅलन्सर (विनंत्या ॲपकडे वाटून देणारा) उभा आहे, मागच्या ॲपकडून त्याला धड उत्तर मिळालेलं नाही. कारण पुष्कळदा हास्यास्पद असतं: ॲप १२७.०.०.१ वर ऐकत असतं. स्वतःच्या लॅपटॉपवर ते झकास चालतं, पण कंटेनरमध्ये त्या पत्त्याचा अर्थ 'हाच कंटेनर', बाहेरचं कुणी पोचूच शकत नाही. ०.०.०.०, म्हणजे 'सगळ्या पत्त्यांवर ऐक', केलं की सुरू. सर्व्हरलेसने यातून सुटका होत नाही. ॲमेझॉनचं सर्व्हरलेस लॅम्डा फंक्शन आपल्या व्हीपीसीत जोडलं आणि नॅट गेटवे (खासगी नेटवर्कमधून बाहेर जायचा दरवाजा) ठेवला नाही, तर त्याला डेटाबेस सापडतो पण बाहेरचं इंटरनेट सापडत नाही. म्हणजे फिरून आलो पहिल्याच मुद्द्यावर.

प्रमाणपत्राबद्दल फार बोलत नाही. अभ्यासाला शिस्त लागते, मुलाखतीचं दार किलकिलं होतं, जरूर काढा. मात्र त्या तीस दिवसांतले चार दिवस काढून ठेवा. दोन सबनेट, एक ॲप, एक डेटाबेस एवढं उभं करा आणि मग ते मुद्दाम मोडा. आधी सिक्युरिटी ग्रुपमधला नियम काढा, दुसऱ्या दिवशी राउट, मग रोलची एक परवानगी, शेवटी ॲपचं पोर्ट बदला. दर वेळी पडद्यावर अक्षरशः काय उमटलं ते वहीत उतरवा, आणि आदल्या दिवशीच्या ओळीशी ताडून पाहा.